ठकूची सुरगाठ

काचेवर गुलाबी दोऱ्याचे चार-पाच तुकडे पडले आहेत, इतकंच — कुणी शिवता शिवता दातानं तोडून टाकावेत तसे, एक लांब, बाकीचे आखूड, एकाचं टोक किंचित वळलेलं... आणि त्या वळलेल्या टोकाकडे ती मघापासून नुसत्या डोळ्यांनी बघते आहे, सूक्ष्मदर्शक हाताशी असताना. त्याचा दिवासुद्धा तिनं लावलेला नाही. काचेच्या कडेला चिकटवलेल्या चिठ्ठीवर नाव नाही, नंबर आहे. इथे नावं नसतातच. माणूस दाराबाहेर राहतो, त्याचा एवढासा तुकडा आत येतो, मेणात बसतो, कापला जातो, रंगवला जातो आणि नंबर होऊन टेबलावर येतो. ही सोय तिला आयुष्यभर आवडत आली. आज मात्र नंबर पाठ झालाय — पाठ करायचा नाही असं स्वतःला बजावूनही झालाय — आणि त्या नंबराला गालावर खळी आहे, तो गडगडाटी हसतो आणि गावातल्या घाबरट माणसांना मोटार चालवायला शिकवतो.

ठकूची काच. तिच्या धाकट्या बहिणीची.

काच टेबलावर ठेवून गेली ती शेजारच्या खोलीतली डॉक्टर, जिला सगळी प्रयोगशाळा पाठीमागे घाईबाई म्हणते. घाईबाई जिने चढत नाही, उड्या मारते. वाक्य संपायच्या आत पुढचं वाक्य सुरू करते. "मॅडम, मी बघितलीय काल," ती म्हणाली. "रिपोर्ट नाही लिहिला अजून. दुसऱ्या रंगाच्या काचा दुपारी येतील. तुम्हाला चालणार असेल तर... एकदा दोघी मिळून बघू?" "मला सांगू नकोस काही," ती चटकन म्हणाली, आणि घाईबाई म्हणाली, "नाही सांगत." मग दार हलक्या हातानं ओढून घेतलं, आवाज न करता. घाईबाई आज सावकाश बोलली होती. आता सांगायचं राहिलं काय?

आपल्या माणसाची काच आपण बघायची नाही, हा सरांचा नियम. सर म्हणजे ज्यांनी तिला काच वाचायला शिकवलं ते. दोन डोकी एकदम वाकवता येतात त्या जोडसूक्ष्मदर्शकाच्या पलीकडच्या नळीला डोळा लावून ते बसत, आणि तोंडात कायम लवंग. "एक तर नको ते दिसतं," ते म्हणत, "नाही तर हवं ते दिसतं. जे आहे ते तेवढं दिसत नाही." बरोबरच होतं त्यांचं. म्हणून तर काच तशीच पडली आहे, आणि ती त्या वळलेल्या टोकाकडे बघत आईच्या सुतळ्या मोजते आहे.

आईच्या पर्सशेजारी कापडी पिशवी असायची आणि त्या पिशवीत सुतळीची तुटकी टोकं. आई पार्सल कचेरीत होती. दिवसभर खोकी बांधायची, गाठीवर लाख ओतायची, शिक्का मारायचा. संध्याकाळी घरी आली की तिच्या बोटांना जळलेल्या लाखेचा वास यायचा, साबणानं धुतला तरी न जाणारा. तो वास — अजूनही कुठे मेणबत्ती विझली की तिच्या पोटात एकदम संध्याकाळ होते, दाराची कडी वाजते, ठकू "आई आली" म्हणून बोंबलते... कचेरीत टाकून द्यायची ती टोकं आई घरी आणी, कशाला म्हणून विचारायचं नाही, आणि जेवणं आटोपली की दोघी लेकींना समोर बसवून गाठी शिकवी. "ही सुरगाठ. एक टोक ओढलं की सुटली. पिशवीला, बुटाला, जे पुन्हा उघडायचंय त्याला. आणि ही निरगाठ. ही सुटत नाही, कापावी लागते. पार्सलाला हीच. नीट बघा, नाहीतर जन्मभर बुटांची नाडी कापत बसाल."

तिनं नीट बघितलं. ती नीटच बघणारी मुलगी होती. ठकूनं काय बघितलं देव जाणे, पण एकदा शाळेतून आली ती एका पायात बूट, एका पायात नुसता मोजा, डोळ्यांत पाणी: "आई, सुरगाठ बसलीय! सुटतच नाहीये मेली! दातानं पण सुटत नाही!" आई जी हसायला लागली, ती खुर्चीचा हात धरून खालीच बसली. बाबा बाहेर आले, काय झालं विचारू लागले, तर आईला सांगता येईना. आणि त्या दिवसापासून ठकूपुरती भाषा उलटी झाली ती कायमची. ठकूची सुरगाठ म्हणजे न सुटणारी, आणि निरगाठ म्हणजे चुटकीसरशी मोकळी. ती ताई म्हणून दर वेळी दुरुस्त करायची — "अगं, निर, निर! निरगाठ!" — आणि आई म्हणायची, "राहू दे गं. तिला कळतंय, मला कळतंय, झालं की." मग आईसुद्धा ठकूशी बोलताना ठकूच्याच भाषेत बोलायची. हिशेब जुळला नाही, कचेरीत साहेब अडून बसला, की घरी येऊन म्हणायची, "ठके, आज नुसती सुरगाठ बघ!" आणि दोघी खिदळायच्या. ताईशी मात्र आई शुद्ध बोलायची. ताईचं नावच पडलं होतं शब्दकोश.

हे शब्द तिनंच पुढे प्रयोगशाळेत आणले. नवी होती, सरांनी एक काच दाखवून विचारलं, काय म्हणतेस, आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "सर, सुरगाठ वाटते." जीभच चावली तिनं. पण सर पलीकडच्या नळीतून वर बघत लवंग इकडची तिकडे करत म्हणाले, "छान शब्द आहे. बाहेर नातेवाईक बसलेले असतात, भिंतींना कान... आपण हाच वापरू." तेव्हापासून इथे साधी गाठ ती सुरगाठ, आणि ती दुसरी, ती निरगाठ. घाईबाईसुद्धा हेच म्हणते, कुठून आलं ते न कळता. शब्दकोशातला अर्थ. बरोबर असलेला.

आणि आई? आईचं...

दवाखान्याची ती लांबट खोली, खिडकीला हिरवा पडदा, आणि पलंगावर आई, छातीला पट्ट्या, केस विंचरलेले. कुणी विंचरले होते? ठकूनंच बहुतेक. ती स्वतः तेव्हा वैद्यकीच्या पहिल्या वर्षाला होती, वसतिगृहातून रात्रभर बसचा प्रवास करून आलेली, शरीरातली हाडं तेवढी पाठ, आजार एकही नाही. पलंगाच्या एका बाजूला ती, एका बाजूला शाळेच्या गणवेशातच आलेली ठकू. आई दोघींकडे बघून म्हणाली, "सुरगाठ आहे गं बायांनो. तोंडं काय पाडताय?" तिला इतकं हलकं वाटलं की तिथल्या तिथे भूक लागली. बाबांना विचारलं, तर ते पडद्याकडे बघत म्हणाले, खबरदारी म्हणून किरणांचे शेक देणार आहेत थोडे, तू परीक्षा बुडवू नकोस. ती गेली. पहिली आली. सुटीत परत आली तेव्हा आईच्या बांगड्या कोपरापर्यंत चढत होत्या... आणि पुढच्या सुटीत आई नव्हती.

बाबांवरचा राग तिनं कधी बोलून दाखवला नाही, पण तो होता. बाबांनी आणि त्या डॉक्टरांनी मिळून आईला फसवलं. बिचारी सुरगाठ सुरगाठ म्हणत गेली, आपल्याला काय झालंय ते न कळता गेली. म्हणूनच आपण काच वाचणारी डॉक्टर झालो, असं ती स्वतःला सांगत आली. जे आहे ते नावानिशी कागदावर लिहायचं, कुणाला अंधारात ठेवायचं नाही. आणि ठकू तेव्हा — ठकू तर शाळेच्या सहलीलाही गेली नाही, चित्रकलेचा वर्ग सोडला, आईचा पदर धरून झोपायची एवढी घोडी झाली तरी. चिकटगुंडा म्हणून चिडवायचो आपण तिला. ती चिडायची नाही. गप्प बसायची, ठकू असून.

टेबलावरचा फोन थरथरला. ठकूच.

"ताई, आली ना काच?"

"तुला कुणी सांगितलं?"

"तुझ्या हॅलोनं. इतकं साजूक हॅलो तू कधी म्हणतेस का मला?"

"आलीय. बघितली नाही अजून."

"मग आधी जेवून घे. — अहो, क्लच एवढ्यात सोडू नका, गाडी रडतेय बघा! — तुला नाही गं, माझे शिकाऊ आहेत हे. निवृत्त न्यायाधीश. जन्मभर दुसऱ्यांना थांबवलंय, आता स्वतःला ब्रेक सापडत नाहीये." पलीकडे कुणीतरी ओशाळं हसलं. मग ठकूनं बहुतेक गाडी कडेला घ्यायला लावली, कारण आवाज जवळ आला. "हे बघ ताई, सांगशील तेव्हा ते तुमचं हातभर लांब नाव नको. सुरगाठ की निरगाठ, एवढंच सांग. आणि माझ्या भाषेत सांग हं. तुझ्या शब्दकोशातली नको."

"माझी म्हणजे बरोबर असलेली."

"तेच ते. आईच्या तोंडून मी माझ्याच भाषेत ऐकलंय. आता या वयात कुठे बदलू?"

"आईच्या तोंडून काय ऐकलंस?"

"अगं, दवाखान्यात नाही का? तूही होतीस की पलंगाच्या त्या बाजूला. सुरगाठ आहे गं बायांनो, म्हणाली, आणि माझ्याकडे बघितलं. तेव्हाच कळलं मला, संपलं म्हणून. तुलाही कळलंच असेल म्हणा. तू तर डॉक्टर व्हायला गेलेली."

"हो," ती म्हणाली. "कळलं होतं."

"मला वाटायचंच. म्हणून तर आपण कधी बोललो नाही त्यावर. बरं, ठेवते, न्यायाधीशसाहेब घामाघूम झालेत. संध्याकाळी येते घ्यायला, फाटकाशी थांब."

फोन बंद झाला तरी तो तिच्या हातातच होता. पलंगाच्या त्या बाजूला... कुठल्या? मी डावीकडे होते, उशाशी, पाण्याचा तांब्या माझ्या कोपराला लागत होता. आईनं बघितलं ते आपल्याकडेच, असं मी धरून चालले होते — मोठी मीच ना! आई माझ्याकडे बघत नव्हती. आई ठकूकडे बघत होती आणि ठकूच्या भाषेत बोलत होती, आणि मी मधल्यामध्ये शब्दकोशातला अर्थ उचलून आनंदानं बसस्टँडवर जाऊन पोटभर जेवले. म्हणजे आईला ठाऊक होतं. कुणी फसवलं नव्हतं तिला. बाबा पडद्याकडे का बघत होते, ठकू सहलीला का गेली नाही, पदर का सोडत नव्हती... सगळ्या घराला ठाऊक होतं, आणि इतकी वर्षं जिची कीव करत आले ती आई माझ्याहून शहाणी होऊन गेली होती.

की आईनं मुद्दाम केलं? एकाच शब्दात दोघींना दोन गोष्टी सांगितल्या — जी घरी राहणार तिला खरी, जी परीक्षेला जाणार तिला सोपी? का असं काहीच नव्हतं, दुखत होतं, थकली होती, ओघात येईल ते बोलून गेली? आता हे विचारायचं कुणाला? तिला आईचा इतका राग आला, आणि त्याच्या मागोमाग इतकी माया, की तिनं खुर्ची सरकवून उगाच खिडकी उघडली.

दुपारी घाईबाई दुसऱ्या काचा घेऊन आली. ती काही म्हणायच्या आत हिनं जोडसूक्ष्मदर्शकाचा दिवा लावला. "ये. बस. सर नाहीत रागवायला."

गुलाबी दोरा डोळ्यांपुढे आभाळाएवढा झाला. आधी दिसल्या त्या शहाण्या पेशी: नळ्यांभोवती रांगेत बसलेल्या, शेजारणीला टेकली की थांबणाऱ्या, वेळ झाली की आपण होऊन जाणाऱ्या. मग ते वळलेलं टोक. तिथे रांग मोडली होती. निळी केंद्रकं मोठी, वेडीवाकडी, कुणाचा कुणाला मेळ नाही, नळीची भिंत ओलांडून बाहेर पडलेली. लोक समजतात, हा बाहेरून आलेला शत्रू आहे. तसा असता तर शरीरानं ओळखला असता की! ही पेशी आपलीच असते. आपल्याच घरातली, आपलीच भाषा बोलणारी, फक्त एखाददुसऱ्या शब्दाची अदलाबदल झालेली. थांब म्हटलं की तिला चल ऐकू येतं. आणि शरीर दुरुस्त करत बसत नाही, राहू दे म्हणतं, की मग तीच भाषा तिच्या लेकींची, नातींची होते.

"निरगाठ," ती म्हणाली. आवाज आला बरा.

"हो मॅडम," घाईबाई म्हणाली. "आता ह्या बघा."

दुसऱ्या काचांवर तोच दोरा तपकिरी झाला होता. केंद्रक न् केंद्रक गडद, चहा सांडल्यासारखं. आईच्या वेळी हे रंग नव्हते. तेव्हा सगळ्या निरगाठींना मिळून एकच नाव आणि एकच वाट: कापा, शेका, वाट बघा. आता प्रत्येकीचा स्वभाव वेगळा लिहावा लागतो — कुणाला काय खायला लागतं, कुणाचा कुठला ब्रेक गेलाय. हा तपकिरी रंग सांगत होता की या पेशींना वाढायला शरीरातलं संप्रेरक लागतं, म्हणजे ते तोडणारी गोळी यांना लागू पडणार. दुभंगणाऱ्या पेशी शोधाव्या लागत होत्या इतक्या थोड्या, म्हणजे वाढही संथ. काचा पूर्वीपेक्षा ढिगानं येतात, वयं उतरत चाललीत, ठकूहून किती लहान पोरींच्या येतात. पण तीच माणसं कित्येक वर्षांनंतर गुडघेदुखीची तक्रार घेऊन जिन्यात भेटतात, हेही सरांच्या काळात नव्हतं. तिनं काच सरकवली, परत सरकवली. हवं ते तर दिसत नाही ना?

"तुला काय वाटतं?" तिनं विचारलं. असं तिनं घाईबाईला कधी विचारलं नव्हतं.

"लवकर सापडलीय मॅडम. काखेत जाऊन बसली नसली तर..." घाईबाईनं वाक्य अर्धंच सोडलं, आणि हिला ते पुरं करवेना.

फाटकाशी ठकूची गाडी उभी होती, टपावर शिकाऊची पाटी, मागच्या काचेवर 'अंतर ठेवा, मीही शिकतोय'. ती दार उघडून ठकूच्या नेहमीच्या जागेवर, शिकवणाऱ्याच्या बाजूला बसली. तिथे पायाशी दुसरा ब्रेक असतो. ठकू चाकाशी, ओढणी मानेला गुंडाळलेली, घामानं कपाळाला बटा चिकटलेल्या. किल्ली फिरवली नव्हती तिनं.

"जेवलीस?" ठकू म्हणाली.

"हो."

"खोटारडी. सांग."

"सुरगाठ," ती म्हणाली, आणि म्हणताना ठकूकडे बघितलं.

ठकूनं मान हलवली. समोरच्या भिंतीवरचं पुसट झालेलं रंगाचं जाहिरातचित्र बघत राहिली. "माझ्या भाषेतली."

"तुझ्या."

"मग तुझ्या भाषेत निरगाठ."

आयुष्यभराच्या सवयीनं इथे 'हो' यायला हवं होतं. "माझ्या भाषेत..." ती चाचपडली. "माझ्या भाषेत पण सुरगाठच वाटतेय गं. एका ओढीत नाही सुटायची. वेळ लागेल, नखं दुखतील. पण सुटेलसं वाटतंय."

"वाटतंय?"

"वाटतंय. मला हवं ते दिसलं असेल कदाचित."

ठकू तिच्याकडे वळली. खळी नव्हती गालावर. "ताई, खरं सांगतेयस, की आईसारखं सांगतेयस?"

"आई तुझ्याशी खोटं नव्हती बोलली."

"तसं नाही गं, म्हणजे—"

"ठकू, मला तेव्हा कळलंच नव्हतं." दुपारपासून हे वाक्य तोंडात होतं, ते असं बाहेर पडलं. "मी शब्दकोशातली ऐकली. मी जाऊन जेवले."

रस्त्यावरून एक टेम्पो गेला. ठकूचा हात किल्लीवर होता, तो तिथेच राहिला. तिचा चेहरा हळूहळू बदलत गेला, कुठला कुठला जुना दिवस आठवून, आणि एकदम ती शाळेच्या गणवेशातली दिसायला लागली, एका पायात बूट असलेली.

"म्हणजे मी एकटीच होते?" ती म्हणाली. "इतके दिवस मला वाटायचं, तिकडे वसतिगृहात तूपण... मी रडायचे ना, तेव्हा वाटायचं, ताईपण आत्ता रडत असेल. दोघी आहोत, असं वाटायचं."

"नव्हते मी."

ठकूनं नाक ओढलं, ओढणीनं तोंड पुसलं, आणि मग, ठकूच ती, एक हुंदका अर्धा हसू होऊन बाहेर आला. "गाढव," ती म्हणाली. "पहिली कशी आलीस मग!" तिनं किल्ली फिरवली. गिअर टाकला. गाडी गुरगुरली, थरथरली, जागची हलली नाही.

"ताई, पाय काढ. ब्रेक दाबलायस तू."

तिनं खाली बघितलं. खरंच दाबला होता, घट्ट, कधीपासून कोण जाणे. तिला पाय काढायला सांगितलेलं ऐकू आलं होतं, कळलंही होतं. तरी आणखी थोडा वेळ तिनं तो तसाच ठेवला.